सरळ वायर, उलट वायर

१

दुपारचं जेवण उरकलं की आई खिडकीजवळच्या खुर्चीत डुलकी काढते आणि मी टेबलाशी बसते. घरात बाकी सगळं आईचं आहे: भांडी, पडदे, कुंड्या आणि तिच्या मते मीसुद्धा. पण दिव्याखालचं ते टेबल माझं. त्यावर कितीही पसारा झाला तरी हात लावायचा नाही, असा आमच्यात तह झालेला आहे. आई तो पाळते, फक्त जाता-येता नाक मुरडते.

सकाळी मी दातांच्या प्रयोगशाळेत असते. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, त्यावरून मी कवळ्या बनवते. या शहरातली बरीच म्हातारी माणसं माझ्या हातचं हसतात, आई धरून. दुपारी मात्र मी हेडफोन उघडून बसते. कुणाला विणकामाचा नाद असतो, मला हा आहे, आणि या वयात नाद बदलायचा माझा अजिबात विचार नाही.

साध्या हेडफोनला तीन वायरी पुरतात. एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची आणि परतीची एक दोघांत मिळून. ही भागीदारी मला पटत नाही. मी ती वायर कापते आणि प्रत्येक कानाला त्याच्या स्वतःच्या दोन वायरी देते. सरळ वायरीतून गाणं जसंच्या तसं जातं, उलट वायरीतून तेच गाणं उलटं होऊन जातं. तिथे चढ तर इथे उतार. कानाशी असलेला पडदा हलतो तो या दोघींमधल्या फरकावर. आता पंख्याची, फ्रिजची, शेजारच्या मिक्सरची घरघर वायरीत घुसली तर ती दोघींवर सारखीच चढते. सारख्या गोष्टींत फरक नसतो, म्हणून घरघर ऐकूच येत नाही. बॅलन्स्ड म्हणतात ते एवढंच.

काम जमलंय की नाही ते तपासायची एक रीत आहे. दोन्ही वायरींना मुद्दाम एकच गाणं द्यायचं, उलटं न करता. अॅम्पचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याचा, दिवा जळतो, सुई नाचते, गाणं जोरात चालू असतं आणि कानात काहीच नसतं. मला ही तपासणी फार आवडते. कितीतरी दुपारी मी नुसती ती शांतता ऐकत बसले आहे.

त्या दुपारी नवा अॅम्प पूर्ण झाला. मी हेडफोन चढवला, दोन्ही वायरींना एकच गाणं दिलं आणि डोळे मिटले. शांतता उत्तम होती. मग त्या शांततेत कुणीतरी ‘टक’ केलं.

२

मी डोळे उघडले नाहीत. कानांवर हात दाबून नीट ऐकलं. पुन्हा टक. थोडं थांबून टक-टक.

तो आवाज मी हजार आवाजांतून ओळखला असता, कारण तो मीच बनवलेला आहे. आईच्या वरच्या कवळीत डाव्या बाजूला केसाएवढी जागा जास्त राहिली होती. मी नीट करून देते म्हणाले तर तिनं करू दिली नाही. विचार करताना, झोप लागताना ती जिभेनं कवळी जराशी उचलते आणि सोडते. तिला तो चाळाच लागला आहे.

मी वळून बघितलं. आई खुर्चीत होती, डोळे मिटलेले, ओठ किंचित हलत होते. म्हटलं, हं, कळलं. हेडफोनचा पडदा उलटाही चालतो. आवाज दिला तर हलतो, आणि बाहेरच्या आवाजानं हलला तर थोडी वीज करतो, म्हणजे मायक्रोफोन होतो. डाव्या कानावरचा कप आईच्या बाजूला होता. तो तिला ऐकत असणार आणि माझ्या जोडणीत कुठेतरी सोल्डरचा कच्चा टाका असणार. मी सगळे टाके पुन्हा गरम केले. टक तसंच राहिलं. आता त्याच्यामागे तिचा श्वासही येत होता, अगदी कानाशी, उशीला उशी लावून झोपल्यावर येतो तेवढा जवळून.

३

मी घाबरट नाही. प्रयोगशाळेत माणसांचे जबडे रांगेत मांडून त्यांच्यासमोर बसून मी डबा खाते. तेव्हा मी शहाण्या माणसानं करावं तेच केलं. म्हटलं, पडदा खोली ऐकतोय ना, मग सगळीच खोली ऐकेल.

मी टेबलावर टकटक केली. कानात काही नाही. चमचा पेल्यावर वाजवला. काही नाही. खुर्ची सरकवली, खोकले, शेवटी एक जुनं बालगीत गळा काढून म्हटलं. आईनं एक डोळा उघडून विचारलं, ‘‘बरी आहेस ना?’’

तिचे तेवढे शब्द कानात स्वच्छ आले. माझं आख्खं गाणं आलं नव्हतं.

संध्याकाळी आई खाली बागेत फेरी मारायला गेली. मी पुन्हा हेडफोन चढवला आणि ती जिना चढून येईपर्यंत ऐकत राहिले. पूर्ण शांतता. मग दारात किल्ली फिरली, तिच्या चपला वाजल्या. तिनं उघडलेलं दार कानात आलं, चपलाही आल्या.

त्या रात्री मला झोप चांगली लागली. खोटं कशाला सांगू? गंमतच वाटत होती. घरातल्या सगळ्या आवाजांतून माझी जोडणी एकटी आई वेगळी काढते आहे, याचं मला कौतुकच वाटलं.

४

कौतुक चिमट्यानं संपवलं.

मी एक बारीक वायर धरून होते आणि कोपराचा धक्का लागून चिमटा फरशीवर पडला. ठण. हेडफोन कानावर होता आणि तो ठण मला हेडफोनमधून ऐकू आला.

माझा एकही आवाज आजवर त्यातून आला नव्हता. मी वाकून चिमटा उचलला, हातात घट्ट धरला आणि हलले नाही. आई झोपली होती. मग, एखाद्यानं काहीतरी विसरल्यावर आठवून करावं तसं, कानात दुसरा ठण झाला. जरा हळू आणि जरा जपून. माझा चिमटा माझ्या मुठीत होता.

‘‘कोण आहे?’’ मी मोठ्यानं विचारलं.

कानात काही आलं नाही. ना उत्तर, ना माझा प्रश्न. आई दचकून म्हणाली, ‘‘काय गं?’’ आणि तेवढं मात्र आलं.

मी हेडफोन काढून ठेवला, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. टॉवेलमध्ये तोंड असतानाच ते माझ्या डोक्यात उतरलं. दोन्हीकडे सारखं असेल ते पुसलं जातं. माझा प्रश्न पुसला गेला कारण तो दोन ठिकाणी विचारला गेला होता. त्याच क्षणी, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. कुणीतरी दुसऱ्या अशाच टेबलाशी बसून, कानाला असाच हेडफोन लावून ‘‘कोण आहे?’’ म्हटलं होतं. मी जे जे करत होते ते ती करत होती. एकदा तिचा चिमटा पडायचा राहिला, एवढंच. आणि मला कळू नये म्हणून तिनं तो मागाहून टाकला.

मग आई का ऐकू येते? आई दोन्हीकडे असती तर तीही पुसली गेली असती.

गेल्या थंडीत आईच्या छातीत पाणी झालं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आज काहीही होऊ शकतं, इकडे किंवा तिकडे. आई इकडे आली. मी तिला घरी आणलं आणि पुन्हा तो दिवस आठवायचा नाही असं ठरवलं. टॉवेल धरून मी मोरीत उभी राहिले आणि मला त्या बाईचा पहिल्यांदा विचार आला, जिची आई तिकडे गेली होती. ती रोज दुपारी हेडफोन लावून माझ्या आईची कवळी ऐकत होती.

मला तिची कीव यायला हवी होती. आलीही, टॉवेल दांडीवर टाकेपर्यंत. मग मला भयंकर राग आला.

५

राग आल्यावर माणूस नीट बघायला लागतो. मी आईकडे बघायला लागले.

‘‘चहा टाकू?’’ मी विचारलं.

‘‘आता दुसरा नको गं. मघाचाच अजून जड वाटतोय.’’

मघाशी चहा झाला नव्हता. कप धुतलेले, ओट्यावर पालथे होते.

दुसऱ्या दिवशी ती जेवता जेवता मध्येच म्हणाली, ‘‘हो, निळंच बरं दिसतं तुला.’’ मी काही विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले तर तीच गोंधळली. ‘‘विचारलंस ना आत्ता?’’ म्हणाली. मी म्हणाले, ‘‘हो, विचारलं.’’ तिला घाबरवण्यात काय अर्थ होता?

तिचा आवाज बसल्यासारखा झाला. खरं तर बसला नव्हता, लहान झाला होता, कुणी बटण थोडं मागे फिरवावं तसा. पावलांचा आवाज कमी झाला. खुर्चीतून उठली की गादीवरचा खोलगट ठसा पूर्वीएवढा उमटेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, वजनकाट्यावर उभं केलं आणि या वयात यापेक्षा काय हवं म्हणून मलाच चार शब्द सुनावले.

मग तिची कवळी सैल झाली. सैल म्हणजे बोलताना घसरायला लागली. हे मात्र माझं खातं. मी घरीच पेस्ट कालवली, ती भरलेला मापाचा ट्रे तिच्या तोंडात बसवला, ‘‘दाब, घट्ट दाब,’’ म्हणाले. तिनं डोळे मिटून दाबलं. साचा काढला, त्यात प्लास्टर ओतलं आणि वाळल्यावर उजेडात धरलं. तोंड तिचंच होतं. प्रत्येक वळण मला पाठ आहे. पण हिरड्यांचा उठाव निम्माच उतरला होता. मी दुसऱ्यांदा माप घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. इतक्या वर्षांत असं प्लास्टर माझ्या हातून निघालं नव्हतं. जणू तिच्या चावण्याचा उरलेला जोर दुसऱ्याच कुणाच्या ट्रेवर पडत होता.

आणि हेडफोनमध्ये तिचा आवाज दिवसागणिक बारीक होत चालला.

६

मी अॅम्प बंद केला नाही असं नाही. वायर उपटली, सगळं खोक्यात घातलं, खोकं कपाटावर चढवलं. आई तरीही न विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत राहिली. फक्त ती किती उरली आहे हे मला कळेनासं झालं. दिवा मालवला म्हणून घरातला उंदीर जात नाही. मी खोकं खाली काढलं.

भिंगला बोलावलं. हा आमचा सुट्या भागांचा दुकानदार. डोळ्याला भिंग अडकवून बसतो म्हणून सगळे त्याला भिंगच म्हणतात. तो मला कवळीबाई म्हणतो. मी त्याला सगळं सांगितलं नाही, हसला असता. एवढंच म्हणाले की तपासणीत काहीतरी ऐकू येतंय आणि ते रोज कमी होतंय.

त्यानं हेडफोन चढवला, डोळे बारीक केले. ‘‘मावशी श्वास घेताहेत. बस, इतकंच?’’ आई समोरच भाजी निवडत होती. ती हसली. ‘‘अहो कवळीबाई,’’ भिंग म्हणाला, ‘‘एवढं बारीक आमच्या दुकानातल्या यंत्रावरही दिसणार नाही. आणि रोज कमी होतंय म्हणता. टाके बसत असतील, पार्ट स्थिरावत असतील. शून्यावर आलं की काम फत्ते. मग जेवायला घाला.’’

‘‘शून्यानंतर काय?’’

‘‘शून्यानंतर काय असायचंय?’’

‘‘समजा तिथे थांबलं नाही. पुढे गेलं.’’

तो गंभीर झाला. विषय त्याच्या आवडीचा होता. ‘‘म्हणजे आधी सरळ वायरीवर जास्त होतं, ते दोघींवर सारखं झालं आणि मग उलट वायरीवर जास्त व्हायला लागलं? मग आवाज पुन्हा वाढेल. असाच. अगदी पहिल्यासारखा.’’

‘‘मग तो कुठल्या बाजूचा ते कसं ओळखायचं?’’

‘‘कानानं? नाही ओळखता येणार. वायरींची अदलाबदल केली तरी कानाला तेच. सरळ कोण आणि उलट कोण, ही नावं आपण दिलेली. वायरीला काय त्याचं!’’ त्यानं हेडफोन काढून ठेवला. ‘‘आणि ओळखायचं कशाला? गाणी ऐका ना.’’

जाताना त्यानं आईला हाक मारली, ‘‘येतो हं मावशी.’’ आईनं मान वर केली आणि त्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, ‘‘ये रे.’’

७

त्या दुपारी मी बराच वेळ भांडले. मोठ्यानं, एकटीच, हेडफोन लावून. आई बागेत होती.

म्हटलं, तुझी आई गेली, वाईट झालं. पण ही माझी आहे. हिला मी इस्पितळातून उचलून आणलं, हिचे दात मी बसवले, हिच्या शिव्या मी खाल्ल्या. तू तुझ्या घरी रड. कानात काहीही आलं नाही. म्हणजे तीही हेच म्हणत होती. ‘‘ही माझी आहे,’’ दोन्हीकडे, एकदमच. मी टेबलावर मूठ आपटली. तीही पुसली गेली.

करायचं काय ते मला माहीत होतं. एक वायर कायमची शून्याला टाकायची. अॅम्पच्या पत्र्याच्या डब्याला ती टाक्यानं जोडून टाकायची. मग त्या वायरीतून येईल ते पत्र्यात जिरून जातं, दुसरी बाजू उरतच नाही, आणि हेडफोन चारचौघांसारखा साधा होतो. माझी इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली असती. जाऊ दे. पण वायर कुठली? दोघींतली लाल तिची की काळी? मी निवडेन ती तीही निवडणार. मी इस्त्री उचलली की तीही उचलणार; सोल्डरिंग आयर्नला, म्हणजे टाके मारायच्या तापत्या लेखणीला, आमच्या घरी आई इस्त्री म्हणते. दोघी एकाच क्षणी टाका मारणार आणि मग काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. तिलाही नसणार.

मला असं काहीतरी करायला हवं होतं जे तिला करताच येणार नाही.

मी डोकं धरून बसले. माझ्या हातांना येतं ते सगळं तिच्या हातांना येत होतं. मला सुचेल ते तिला सुचणार होतं. तेवढ्यात दारात किल्ली फिरली, आई आत आली, खुर्चीवर टेकली आणि ‘‘दमले गं बाई,’’ म्हणाली. बारीक आवाजात, पण या खोलीत.

मी उठून उभी राहिले. तिच्याकडे आई नव्हती. तिला आईच्या हातात काही देता येणार नव्हतं.

८

‘‘मला त्यातलं काही कळत नाही,’’ आई म्हणाली.

‘‘कळायला नको. इथे बस. हे धर. पेन धरतात तसं.’’

‘‘गरम आहे?’’

‘‘पुढचं टोक गरम आहे. मागे धर. मी आहे ना.’’

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या टेबलाशी बसली होती. हेडफोन माझ्या कानावर होता, एक कप जरा मागे सरकवलेला, तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून. कानातला तिचा श्वास इतका बारीक झाला होता की आहे की नाही ते कळत नव्हतं. मला वेळ नव्हता. डब्याचा पत्रा मी आधीच घासून ठेवला होता. त्याच्याशेजारी लाल आणि काळी, दोन्ही वायरींची टोकं सोलून वाकवून ठेवली होती.

‘‘यातली एक तू निवड,’’ मी म्हणाले. ‘‘कुठलीही. मला विचारू नकोस. तिला पत्र्यावर दाबून धर आणि इस्त्री टेकव. वरून सोल्डर मी लावते.’’

तिनं चष्मा वर केला. इस्त्री जड वाटू नये म्हणून मी तिच्या मनगटाखाली माझा हात दिला. ती दोन्ही वायरींकडे बघत राहिली. मग तिनं लाल उचलली.

‘‘लाल?’’

‘‘काळी झाली ना,’’ आई म्हणाली.

‘‘कधी झाली?’’

‘‘आत्ताच नाही का लावून दिली मी तुला? अशीच. याच खुर्चीत बसवून.’’ ती थोडी वैतागली होती. ‘‘किती वेळा तेच ते करायला लावतेस गं?’’

काळी वायर माझ्यासमोर होती. सोललेली, चकचकीत, कुणीही हात न लावलेली.

मला माझ्या मूर्खपणाचा असा राग आला की कानशिलं तापली. निम्मी आई त्या दुसरीपाशी होती. मी साचा हातात धरून बघितला होता आणि तरी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिनंही आपल्या निम्म्या आईला खुर्चीत बसवलं होतं, तिच्याही मनगटाखाली हात दिला होता. आणि माझ्या आधी.

‘‘तेव्हा मी काय म्हणाले?’’ मी विचारलं. आवाज सरळ ठेवला.

‘‘काही नाही. रडत होतीस. एवढी मोठी घोडी झालीस आणि मुसमुसून रडत होतीस. मी म्हटलं, रडू नकोस, लावते मी.’’

‘‘मी रडत नाही, आई.’’

आईनं मान वळवली. आधी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग गालांकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे बघत होती, माझ्या बाजूच्या जागेकडे नाही.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तू नाही रडत आहेस.’’ आणि मग अगदी हळू, लहान मुलीनं बाजारात विचारावं तसं तिनं विचारलं, ‘‘मग माझी कुठली गं?’’

खिडकीत दुपार होती. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, कुणीतरी ‘‘येऊ दे, येऊ दे’’ म्हणत होतं. लाल वायर आईच्या बोटांत होती. ती दाबली तर दोन्ही वायरी शून्याला जाणार होत्या, एक तिकडे आणि एक इकडे, आणि आई जिथे जेवढी असेल तिथे तेवढीच राहणार होती. किंवा नाही. किंवा सगळी एकीकडेच. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की थांबले तर ती जाईल.

‘‘मी,’’ मी म्हणाले. ‘‘मी आहे तुझी. दाब.’’

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि दाबला.

सोल्डर वितळलं, चरचरलं, पांढरा धूर दोघींच्या मधून वर गेला. त्याच वेळी कानात कुणीतरी ‘‘आई’’ म्हणालं. माझ्याच आवाजात, पडद्याला ओठ टेकवल्यासारखं. मी तोंड उघडलं नव्हतं. आई ‘‘ओ’’ म्हणाली, कानाला काही लावलेलं नसताना म्हणाली, आणि तिची मान माझ्यापासून वळायला लागली.

मी तिची हनुवटी धरली. इतक्या वर्षांच्या सवयीनं अंगठा बरोबर हाडावर बसला. तिचा चेहरा माझ्याकडे फिरवला आणि तसाच धरून ठेवला. टाका चकचकीत होता, मग फिका झाला, थंड झाला. हेडफोन मुका झाला.

‘‘सोड, दुखतंय,’’ आई म्हणाली.

तो तिचा जुना आवाज होता. बाजूच्या घरात जावा एवढा. खुर्ची तिच्या वजनानं करकरली. मी हनुवटी सोडली, हात सोडला नाही.

‘‘रडतेस?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही.’’

तिनं बोट पुढे करून माझ्या गालावरून फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोट ओलं होतं. कधीपासून ओलं होतं मला ठाऊक नाही. ती आधी कुणाकडे बसली होती, काळी वायर कुणाची होती, शून्याच्या या बाजूला कोण राहिलं आणि त्या बाजूला कोण, हे कानानं ओळखता येत नाही. डोळ्यांनीही येत नसणार. मी टेबलावर वळून बघायचं टाळलं. काळीला टाका आहे की नाही, हे मी आजतागायत बघितलेलं नाही. बघणारही नाही.

असेन मी रडणारी. त्या थंडीत माझीच गेली असेल, आणि ही मी कुणाची तरी ओढून आणली असेल. जिची असेल तिनं यावं आणि मला तसं तोंडावर सांगावं. मी इथेच आहे.

‘‘चहा टाक,’’ आई म्हणाली. ‘‘आणि हात सोड आता, कितीदा सांगू.’’

‘‘नाही सोडणार,’’ मी म्हणाले, आणि तिला तशीच हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले.